टपावरचे ऊन आणि गाडीतला हिशेब

आपल्या व्यापारी कुटुंबांत सहकुटुंब प्रवासाची परंपरा जुनी आहे. बैलगाडी गेली, जीप आणि मेटॅडोर आली, तिच्या जागी पुढे टेम्पो ट्रॅव्हलर आली. वाहन बदलत गेले, तरी सोबतचा संसार तोच राहिला : पाण्याची कळशी, गाळणे, फराळाचे डबे, वृद्धांची औषधे आणि मुलांचे अंथरूण-पांघरूण. अलीकडे काही कुटुंबांनी याच्या पुढचे पाऊल टाकले आहे. गाडीतच झोपण्याचे बाक, लहान ओटा, पाण्याची टाकी आणि शीतपेटी बसवून घेण्याकडे कल वाढतो आहे. अशा गाडीला कॅम्पर किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात. आपल्याकडे कॅम्पर म्हटले की लग्नकार्यातला थंड पाण्याचा जार डोळ्यांपुढे येतो, म्हणून हा खुलासा आरंभीच केलेला बरा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. केरळनेही त्याच वर्षी अशीच योजना जाहीर केली. म्हणजे हा प्रकार आता केवळ परदेशी चित्रपटांतला राहिलेला नाही.

दुसरीकडे, आपल्या छत्रपती संभाजीनगरात गच्चीवर सौर पॅनेल दिसणे ही नित्याची बाब झाली आहे. साहजिकच विचार येतो की घराच्या गच्चीवर बसले ते गाडीच्या टपावर का बसू नये? बसू शकते आणि उत्तम काम देऊ शकते. मात्र पॅनेल टपावर चढवणे हे या कामातले सर्वांत सोपे अंग आहे. त्यातून निघणारी वीज गाडीच्या आधीपासूनच्या वायरिंगमध्ये कोठे, कशी आणि कोणत्या मर्यादेत सोडायची, यावर सोय आणि सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतात. ज्या गाडीत आपली नातवंडे आणि आई-वडील रात्री झोपणार आहेत, त्या गाडीतल्या तारांबद्दल मालकाला निदान चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. त्यासाठीच हा लेख.

घराचे छत आणि गाडीचा टप

घरावरची सौर यंत्रणा बहुधा महावितरणच्या जाळ्याला जोडलेली असते. दिवसा जास्तीची वीज नेट मीटरमधून बाहेर जाते, रात्री लागेल ती परत येते. जाळे हीच तिची तिजोरी. म्हणून अशा बहुतेक घरांत बॅटरी नसते. वीज गेली की ही यंत्रणा स्वतःहून बंद पडते, कारण दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत अशा घरगुती यंत्रणेला ३ किलोवॅट व त्याहून अधिक क्षमतेसाठी जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान ठरवले गेले.

गाडीचे सारेच निराळे. तिथे जाळे नाही, नेट मीटर नाही आणि हे अनुदानही नाही. दिवसा मिळालेले रात्रीसाठी राखायचे तर बॅटरी हवीच. घरात २३० व्होल्टचा प्रवाह असतो. गाडीत १२ व्होल्टचा. तेवढेच काम करायला १२ व्होल्टला सुमारे १९ पट अधिक अँपिअर लागतात, आणि तार तापते ती अँपिअरमुळे. म्हणून ‘१२ व्होल्टमध्ये काय धोका?’ हा समज चुकीचा आहे. १२ व्होल्टचा झटका माणसाला जाणवत नाही हे खरे. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. घराच्या गच्चीचे काम उत्तम करणारा कारागीर गाडीचे कामही तसेच करील, असे गृहीत धरू नये. त्याने आधी अशी गाडी केली आहे का, हे विचारावे.

परताव्याचा प्रश्न

कर्जप्रस्ताव तपासण्यात हयात गेल्यामुळे माझी नजर प्रथम परताव्याकडे जाते. समजा, एका कुटुंबाच्या गाडीत दिवसाला ०.९ युनिट वीज लागते आणि वर्षातले ४० दिवस गाडी प्रवासात असते. वर्षाचे झाले ३६ युनिट. दहा रुपये युनिट धरले तरी वर्षाला ३६० रुपये. पॅनेल, बॅटरी, कंट्रोलर आणि मजुरी यांचा खर्च या बचतीतून आयुष्यभरात निघणार नाही. जो विक्रेता ‘चार वर्षांत पैसे वसूल’ असे सांगेल, तो घराच्या गच्चीचे गणित गाडीला लावतो आहे.

मग हे करावे कशासाठी? इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि मे महिन्यात मराठवाड्याच्या रस्त्यावर बर्फाचा भरवसा धरता येत नाही, म्हणून. यात्रेच्या गर्दीत खोली मिळाली नाही तरी रात्रभर पंखा चालावा आणि त्यासाठी इंजिन किंवा जनरेटर धडधडत ठेवून शेजाऱ्यांची झोप मोडू नये, म्हणून. हा खर्च सोयीचा आणि स्वावलंबनाचा आहे. तो त्याच शीर्षाखाली मांडला तर निर्णय स्वच्छ होतो. जीएसटीच्या बाबतीत थोडा दिलासा आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनेलवरील दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पक्के बिल घ्यावे. ते पुढे विम्यालाही उपयोगी पडते.

आधी खर्चाची यादी

दुकानात माल भरण्याआधी आपण खप पाहतो. इथेही पॅनेल विकत घेण्याआधी रोजच्या वापराची यादी करावी. वॅट गुणिले तास म्हणजे वॉटतास; १,००० वॉटतास म्हणजे एक युनिट. ५ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास लावले तर १०० वॉटतास. २० वॅटचे दोन पंखे आठ तास म्हणजे ३२०. चार मोबाईल मिळून ६०. पाण्याचा लहान पंप दिवसातून वीस मिनिटे, म्हणजे २०. एकूण ५०० वॉटतास. यात १२ व्होल्टवर चालणारी लहान शीतपेटी मिळवली तर उन्हाळ्यात आणखी ४०० धरावेत. म्हणजे ९००.

आता जमेची बाजू. आपल्या भागात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला सुमारे पाच तास पूर्ण तीव्रतेचे ऊन मिळते. २०० वॅटचे पॅनेल पाच तासांत १,००० वॉटतास देईल. पण उष्णता, धूळ, तारेतील घट आणि पॅनेल टपावर सपाट असणे यांपोटी एक चतुर्थांश वजा करावे. हाती राहिले ७५०. म्हणजे शीतपेटी नसेल तर २०० वॅट पुरेसे आहेत. शीतपेटी असेल तर कमी पडतील. ४०० वॅट लावल्यास १,५०० वॉटतास मिळतात आणि ढगाळ दिवसालाही थोडी शिल्लक राहते. वातानुकूलन यंत्राचा मोह मात्र टाळावा. १,००० वॅटचे यंत्र रात्री आठ तास अखंड चालले तर ८,००० वॉटतास लागतात. तेवढे पॅनेल टपावर मावणारच नाहीत.

आपल्या घरांतील एक सवय या गणिताला मोठी अनुकूल आहे. ज्या कुटुंबात स्वयंपाक आणि जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते, तिथे पंप, मिक्सर आणि ओट्यावरचा पंखा यांचा वापर पॅनेल वीज देत असतानाच होतो. बॅटरीवर भार उरतो तो रात्रीच्या पंख्याचा, शीतपेटीचा आणि थोड्या दिव्यांचा. त्यामुळे बॅटरी बेताची असली तरी चालते.

दोन बॅटऱ्या, दोन खाती

दुकानाचा गल्ला आणि घरखर्च एकत्र करू नये, हे आपल्याला बाळकडूतून मिळालेले शहाणपण आहे. गाडीतही तसेच. सेल्फ मारणारी बॅटरी ही गाडीची भांडवली ठेव; तिला हात लावू नये. दिवे-पंख्यांसाठी वेगळी बॅटरी असावी. रात्रभर पंखा चालवून सकाळी गाडी सुरूच झाली नाही, ही आपत्ती एकाच बॅटरीवर सर्व भार टाकल्याने ओढवते. शिवाय सेल्फची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी घडवलेली असते; रोज खोलवर रिकामी केली तर ती लवकर निकामी होते.

दुसरी बॅटरी कोणती? इनव्हर्टरला लावतो ती १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी १,८०० वॉटतास साठवते. पण निम्म्याहून अधिक उपसू नये, म्हणजे वापरायला ९००. तिचे वजन पन्नास किलोच्या वर जाते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती मोकळ्या हवेच्या कप्प्यात हवी. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉटतासांची असते, त्यातले हजारभर सहज वापरता येतात आणि वजन साधारण ११-१२ किलो. किंमत अधिक, पण आयुष्यही अधिक. दोन्ही प्रकारांत एक पथ्य समान आहे : स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीशेजारी बॅटरी, रिले किंवा कोणतीही ठिणगी पाडणारी वस्तू ठेवू नये. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, आणि बॅटरीही सहसा तळाशीच असते.

जोडणी नेमकी कोठे करावी

माझ्या परिचयाच्या एका कापड व्यापारी कुटुंबाच्या गाडीत घडलेला प्रसंग इथे उपयोगी पडेल. गाडीत दिव्यांसाठी दुसरी बॅटरी आधीच होती. तिच्यापासून दीड चौरस मिलिमीटरची एक तार ओट्यावरच्या फ्यूज बॉक्सकडे गेली होती. चार दिव्यांना ती भरपूर होती. पुढे टपावर ४०० वॅटचे पॅनेल बसवले. कारागिराने जवळ पडते म्हणून कंट्रोलरची तार थेट त्या फ्यूज बॉक्सलाच जोडली. दिवे लागले, सर्वांना समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी प्लायच्या मागून जळका वास आला. पॅनेलचा पंचवीस-तीस अँपिअरचा प्रवाह त्या बारीक तारेतून उलटा बॅटरीकडे जात होता. तारेचे प्लॅस्टिक मऊ होऊन ओघळले होते. फ्यूज ३० अँपिअरचा असल्याने तो उडालाही नाही. गाडी उभी होती, माणसे जागी होती, म्हणून निभावले.

यातून दोन नियम लक्षात ठेवावेत. पहिला : फ्यूज बॉक्स ही वाटपाची खिडकी आहे, भरणा करण्याची नव्हे. भरणा थेट बॅटरीच्या खात्यात व्हावा, म्हणजे कंट्रोलरची जाड तार थेट बॅटरीच्या टोकाशी किंवा तिच्याजवळच्या बसबारशी जावी. दुसरा : फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तारेला जेवढे सोसते त्याहून फ्यूज मोठा असेल तर तो असून नसल्यासारखा.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर अनिवार्य आहे. ‘बारा व्होल्टचे’ म्हणून विकले जाणारे पॅनेल प्रत्यक्षात काम करताना सुमारे १८ व्होल्ट आणि मोकळे असताना २२ व्होल्ट देते. ते थेट जोडले तर बॅटरी उतू जाते. कंट्रोलर दोन प्रकारचे असतात. पीडब्ल्यूएम हा साधा आणि स्वस्त. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टवर खाली ओढतो आणि वरचा फरक वाया जातो. एमपीपीटी हा चतुर सराफासारखा आहे : जास्तीचे व्होल्ट घेऊन त्यांच्या बदल्यात जास्तीचे अँपिअर देतो. घराच्या गच्चीसाठी बनलेले मोठे पॅनेल ४० व्होल्टच्या आसपास चालते. ते गाडीवर लावायचे असेल तर एमपीपीटीला पर्याय नाही.

बॅटरीत खरोखर किती शिल्लक आहे, हे कळण्यासाठी शंट लावलेला मीटर घ्यावा. तो ऋण बाजूला बसतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. अट एकच : ऋणाच्या सर्व तारा शंटच्या पलीकडच्या बाजूला याव्यात. नवीन पॅनेलची ऋण तार थेट बॅटरीला लावली तर तो भरणा पासबुकात उमटणारच नाही आणि मीटर चुकीची शिल्लक दाखवील. नुसत्या व्होल्टवरून अंदाज बांधायचा तर विश्रांतीत असलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.७ व्होल्टला भरलेली आणि १२.२ ला निम्मी समजावी. लिथियममध्ये व्होल्ट फारसे बदलत नसल्याने हा ठोकताळा चालत नाही.

तार, फ्यूज आणि मालिका

जाड तार महाग पडते, म्हणून तिथे हात आखडला जातो. आकडे पाहा. टपावरून कंट्रोलरपर्यंत सहा मीटर अंतर, जाऊन-येऊन बारा मीटर तार, जाडी ४ चौरस मिलिमीटर. २०० वॅटची दोन पॅनेल समांतर जोडली तर १८ व्होल्टवर २२ अँपिअर वाहतात आणि वाटेत सुमारे २५ वॅट केवळ तार तापवण्यात जातात. तीच पॅनेल मालिकेत, एकाचे धन दुसऱ्याच्या ऋणाला, अशी जोडली तर ३६ व्होल्टवर ११ अँपिअर वाहतात आणि तीच घट सहा-साडेसहा वॅटवर येते. तार तीच, नुकसान एक चतुर्थांश. मात्र मालिकेसाठी कंट्रोलर एमपीपीटीच हवा आणि त्याची व्होल्ट-मर्यादा ७५ किंवा १०० असावी. कारण मोकळ्या स्थितीत दोन पॅनेलचे ४४ व्होल्ट होतात आणि हिवाळ्यातल्या थंड सकाळी ते आणखी वाढतात.

कंट्रोलर बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. ४०० वॅटसाठी त्या दोघांमध्ये सुमारे ३० अँपिअर वाहतात. तिथे १० चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची तार आणि ४० अँपिअरचा फ्यूज योग्य. हा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत हवा. तार पुढे कोठेही पत्र्याला घासून उघडी पडली, तरी प्रवाह बॅटरीजवळच तुटला पाहिजे. मिक्सरसाठी १,००० वॅटचा इनव्हर्टर असेल तर तो एकटाच शंभर अँपिअरच्या जवळ ओढतो. त्याची तार वेगळी, खूप जाड आणि फ्यूजही वेगळा. इनव्हर्टरची २३० व्होल्टची बाजू आणि धर्मशाळेच्या प्लगमधून येणारी वीज या दोन्ही एकाच बोर्डावर आणायच्या असतील तर मध्ये चेंजओव्हर स्विच पाहिजेच.

घरातला एमसीबी किंवा साधा स्विच पॅनेलच्या तारेवर वापरू नये. घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. पॅनेलचा प्रवाह एकाच दिशेने अखंड वाहतो. त्याची ठिणगी लांबत जाते. डीसी असा स्पष्ट शिक्का असलेलाच स्विच घ्यावा. याच कारणाने पॅनेलचे एमसी-फोर जोड प्रवाह चालू असताना ओढून सोडवू नयेत.

जोडणीचा क्रम

काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. पॅनेलवर जाड गोधडी टाकावी. ऊन पडले की पॅनेल वीज देतेच, त्याला बंद करण्याचे बटण नसते. मग टपापासून तार खाली आणावी. छिद्राच्या कडेला रबरी ग्रोमेट आणि वरून पाणबंद ग्लँड असावे. तारेच्या टोकांना योग्य मापाचे थिंबल यंत्राने दाबून बसवावेत. पिळून टेप गुंडाळलेला जोड चालत्या गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो, आणि सैल जोड तापतो.

आता क्रम. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडावी. कंट्रोलरला बॅटरीचे व्होल्ट ओळखू द्यावेत आणि तिचा प्रकार, लेड-ॲसिड की लिथियम, नेमून द्यावा. त्यानंतर पॅनेलच्या मोकळ्या तारांवर मल्टिमीटर लावून धन-ऋण आणि व्होल्ट तपासावेत. मगच पॅनेल जोडून गोधडी काढावी. सोडवताना क्रम उलटा : आधी पॅनेल, शेवटी बॅटरी. बॅटरी आधी काढली तर पॅनेलचा भार एकट्या कंट्रोलरवर येतो आणि काही कंट्रोलर त्यात जळतात. जोडणीनंतर भर उन्हात तासभर यंत्रणा चालू द्यावी, मग पॅनेल झाकून, स्विच बंद करून प्रत्येक जोडाला हात लावून पाहावा. जो जोड इतरांपेक्षा गरम लागेल तो पुन्हा करून घ्यावा.

टपावरची पथ्ये

१९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौर घट दाखवला, तेव्हा तो उन्हातील सुमारे ६ टक्के ऊर्जा विजेत बदलत असे. आज बाजारातले चांगले पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे जाते, म्हणून २०० वॅटला साधारण एक चौरस मीटर जागा पुरते. आपले शहर २० अक्षांशाच्या जवळ आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा सपाट पॅनेल उत्तम. डिसेंबरच्या अखेरीस तो दुपारीही ४७ अंशांपेक्षा वर चढत नाही. सपाट पॅनेलवर तेव्हा तीन चतुर्थांशच ऊन पडते. हिवाळ्यातील प्रवास अधिक असेल तर हे आधीच हिशेबात धरावे.

पॅनेल आणि टप यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर पोकळी ठेवावी, खालून वारा खेळावा. पॅनेल २५ अंशांच्या वर गेले की दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के वीज घटते. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर गेले तर १४ टक्के घट. बोल्टला लॉकनट असावा आणि लांबच्या प्रवासात दर दोन दिवसांनी पाना लावून पाहावा. गाडीची नवीन उंची मोजून चालकासमोर चिकटवावी. धर्मशाळांच्या कमानी जुन्या मापाच्या असतात. धूळ पहाटे ओल्या फडक्याने पुसावी. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

राहिला सावलीचा प्रश्न. वेरूळला किंवा कचनेरला उन्हाळ्यात गाडी कडुनिंबाखाली लावली तर माणसे सुखी, पॅनेल उपाशी. फांदीची थोडी सावलीही उत्पादन बरेच घटवते. अशांनी एक घडीचे पॅनेल सोबत ठेवावे. गाडी सावलीत, ते उन्हात. मात्र तेही त्याच कंट्रोलरच्या मर्यादेत बसते का, हे आधी पाहावे.

कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. म्हणून ट्रॅव्हलरचे कॅम्परमध्ये रूपांतर करताना मान्यताप्राप्त बांधणीकाराकडे जावे, आणि टपावर पॅनेल चढवण्यापूर्वी आरटीओ व विमा कंपनी या दोघांना लेखी विचारावे. गाडीसोबत न आलेली विद्युत उपकरणे विमापत्रात वेगळी दाखवता येतात. बिले, वायरिंगचा कागदावरचा नकाशा, प्रत्येक फ्यूजचे माप आणि कामाची छायाचित्रे एका फाईलमध्ये ठेवावीत. प्लाय बसल्यानंतर मागे काय आहे ते कोणालाच आठवत नाही; रात्री परगावी बिघाड झाला तर तोच नकाशा तिथल्या कारागिराला वाट दाखवतो.

चातुर्मासात

पावसाळ्यात आपल्याकडे प्रवास कमी होतो, गाडी चार महिने शेडखाली उभी राहते. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवली तर आतून खराब होते. महिन्यातून एकदा चार्जर लावून ती पूर्ण भरावी आणि पाण्याची पातळी पाहावी. लिथियम बॅटरी निम्मी भरून, स्विच बंद करून ठेवावी. उंदरांचा उपद्रव असेल तर दिवाळीत पहिल्या प्रवासाआधी तारा डोळ्यांखालून घालाव्यात.

वाचकहो, यातले प्रत्येक काम स्वतःच्या हाताने करावे असे नाही. दुकानातल्या मुनिमाची वही आपण स्वतः लिहीत नाही, पण ती वाचता येते म्हणूनच निश्चिंत असतो. पॅनेलची तार थेट बॅटरीला गेली आहे का, फ्यूज तिच्याजवळ आणि तारेच्या मापाचा आहे का, सेल्फची बॅटरी वेगळी राखली आहे का आणि जोडणीचा नकाशा हाती आहे का, हे चार प्रश्न कामाचे पैसे चुकते करण्यापूर्वी विचारावेत. उत्तरे नीट मिळाली तर टपावरचे ऊन वर्षानुवर्षे मुकाट्याने सेवा देत राहील, आणि गाडीत झोपलेल्यांची काळजी जागणाऱ्याला करावी लागणार नाही.